धंतोलीत कोणी ओळखीचं भेटू नये म्हणून

नागपुरात दवाखाना म्हटला की धंतोली, नाही तर रामदासपेठ. आणि धंतोलीत गेलं की कोणी ना कोणी ओळखीचं भेटतंच. मला भेटले ते महाल भागातल्या आमच्या जुन्या वाड्याशेजारचे काका. मी वंध्यत्व केंद्राचा जिना उतरत होतो, हातात तपकिरी पाकीट. "काय बे, तू इकडे काय करून राहिला?" मी म्हणालो, "दाढ." त्यांनी मान वर करून बोर्ड वाचला, मग माझ्याकडे पाहिलं. त्या इमारतीत दातांचा दवाखाना नव्हताच.

त्याच रात्री मी म्युनिकच्या आतेभावाला फोन लावला आणि तिकडे उपचार कसे असतात ते विचारलं. पुढं वर्षभर मी घरी सांगत राहिलो, तिकडचं तंत्रज्ञान पुढं आहे. खरं कारण जिन्याखालचे काका होते.

आमचं लग्न डिसेंबर 2016 चं. दोन वर्षांनी पाळणा हलेना म्हणून डॉक्टरकडे गेलो आणि तपासण्या सुरू झाल्या त्या बायकोच्या. सोनोग्राफी झाली, हार्मोन्स झाले, अंडं तयार व्हायच्या गोळ्या सहा महिने झाल्या. मग गर्भनलिका मोकळ्या आहेत का पाहायला डाय सोडून एक्स-रे काढला. त्या दिवशी ती रिक्षात पोट धरून बसली होती आणि घरी येईपर्यंत एक शब्द बोलली नाही. माझी तपासणी कोणी लिहून दिली नाही, ही तक्रार मी पुष्कळ दिवस केली. तिच्या डॉक्टरांनी एकदा "मिस्टरांचंही करून घ्या" म्हटलं होतं, हे मात्र मी सोयीनं विसरलो होतो. काही शे रुपयांची, अर्ध्या तासाची तपासणी मी 2021 पर्यंत टाळली. कोरोना होता, हे एक कारण. बाकीची कारणं सांगण्यासारखी नाहीत.

लॅबमध्ये एक छोटी खोली. कडी अर्धवट लागणारी, भिंतीवर औषध कंपनीचं मागच्या वर्षीचं कॅलेंडर, हातात झाकणाची प्लास्टिकची डबी. आधी दोन ते सात दिवसांचा संयम पाळायचा, हे कागदावर लिहून दिलेलं असतं. बाहेर पोरगा मोठ्यानं विचारतो, "सर, झालं का?" यापेक्षा जास्त लिहीत नाही, ज्यांनी ते केलंय त्यांना माहीत आहे.

रिपोर्टवर शुक्राणूंच्या रकान्यात "निल" लिहिलं होतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2021 च्या आवृत्तीप्रमाणे एका मिलिलिटरमध्ये निदान 1 कोटी 60 लाख हवेत. मला वाटलं, टाइप करताना चुकले. काही आठवड्यांनी पुन्हा दिलं. या वेळी नमुना यंत्रात गरगर फिरवून तळाचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. पुन्हा निल. याला अझूस्पर्मिया म्हणतात. शंभर पुरुषांत साधारण एकाला असतो. म्हणजे आमच्या शिफ्टच्या बसमध्ये नाही, पण आमच्या कारखान्यात नक्की आणखी कोणी तरी असणार, हे गणित मी तेव्हा मनात मांडलं आणि का कोण जाणे, थोडं बरं वाटलं.

मग पुरुषांच्या या आजाराचे डॉक्टर गाठले. त्यांच्या टेबलावर लंबगोल मण्यांची माळ होती, लहानापासून मोठ्यापर्यंत बारा मणी, प्रत्येकावर आकडा. मला वाटलं जपमाळ. ती ऑर्किडोमीटर निघाली. एका हातानं अंडकोष चाचपायचा, दुसऱ्या हातानं जुळणारा मणी शोधायचा. सर्वांत मोठा मणी 25 मिलिलिटरचा. डॉक्टरांचं बोट माझ्यासाठी खाली खाली सरकत गेलं आणि 6 वर थांबलं. खोलीत पंख्याचा आवाज तेवढा होता.

"तुम्ही कुठं काम करता?"

"हिंगणा एमआयडीसी. फौंड्रीत, मेंटेनन्सला."

मी मनातून भट्टीवर सगळं ढकलून मोकळा झालो होतो. डॉक्टर म्हणाले, उष्णतेनं शुक्राणू कमी होतात, पण असे पूर्ण शून्य सहसा नाही. जिमची, स्नायू फुगवायची इंजेक्शनं घेतली का, हेही विचारलं. ती घेतली असती तर बंद करून काही महिन्यांनी शुक्राणू परत यायची आशा तरी असते. मी घेतली नव्हती.

"लहानपणी गालगुंड झाले होते?"

झाले होते. पंधरा वर्षांचा होतो. आईनं उंबराचा चीक लावला होता, आठवडाभर पेज पाजली होती. गाल उतरले आणि चौथ्या-पाचव्या दिवशी खाली दोन्हीकडे सूज आली, ताप चढला. मी ते कोणाला सांगितलं नाही. मांड्यांत उशी घेऊन कुशीवर पडून राहिलो. आईला वाटलं, ताप गालगुंडाचाच आहे. वयात आल्यावर गालगुंड झाले तर तो विषाणू अंडकोषात उतरू शकतो, हे मला पस्तिशीला कळलं. "तेव्हा सांगितलं असतं तर?" मी विचारलं. "तरी हमखास असं औषध नव्हतंच," डॉक्टर म्हणाले. ते खरं असेल किंवा माझ्या तोंडाकडे पाहून म्हणाले असतील.

शून्य म्हणजे निदान नाही, हे मला नीट समजावलं ते त्यांनीच, आणि माझ्या भाषेत. एक तर कारखाना चालू आहे आणि गेट बंद आहे, नाही तर कारखानाच बंद आहे. गेट बंद असेल तर सोपं. सुईनं शुक्राणू काढायचे आणि एकेक अंड्यात टोचायचे. ही टोचायची रीत म्हणजे इक्सी, 1992 ची, ब्रुसेल्सची. कारखाना बंद असेल तर मेंदूखालची ग्रंथी वरून ओरडत राहते, म्हणजे एफएसएच नावाचं तिचं हार्मोन वाढतं. माझं 27 होतं. लॅबची वरची मर्यादा 12 च्या आसपास. मग क्रोमोसोम तपासले आणि वाय क्रोमोसोमचे तुकडे गळालेत का तेही पाहिलं. दोन्ही ठीक. ही रक्ततपासणी महाग वाटते, पण ऑपरेशनच्या आधी ती करायचीच. काही तुकडे नसतील तर शस्त्रक्रियेनं काही सापडणारच नाही हे आधीच कळतं, आणि काही दोष मुलाकडे जातात.

आमच्यासारख्यांसाठी एकच ऑपरेशन उरतं, मायक्रो टेसे. 1999 मध्ये न्यूयॉर्कच्या एका सर्जननं दाखवलेलं. अंडकोष उघडून सूक्ष्मदर्शकाखाली जरा जाड, पांढरट दिसणाऱ्या नलिका वेचायच्या आणि शेजारच्या खोलीत एम्ब्रियॉलॉजिस्टनं, म्हणजे प्रयोगशाळेतल्या गर्भतज्ज्ञानं, त्यात शुक्राणू शोधायचे. सापडले तर इक्सी. साधारण निम्म्या लोकांत सापडतात.

इथं मी म्युनिकचा विषय रेटला. आतेभाऊ म्हणाला, "जर्मनीत महाग पडेल, तू प्रागचं बघ, तिकडे बाहेरचे लोक खूप येतात." मी रात्री बारापर्यंत बसून प्रागच्या एका केंद्राला मेल पाठवला. दोन दिवसांत इतकं नम्र उत्तर आलं की मी खूश. सोबत लागणाऱ्या रिपोर्टची यादी. तीच यादी. एफएसएच, क्रोमोसोम, वाय क्रोमोसोम, दोनदा वीर्यतपासणी. व्हिडिओ कॉलवर तिथल्या डॉक्टर बाईंनी फाइल पाहिली आणि विचारलं, "तुमच्या देशात मायक्रो टेसे करणारे सर्जन आहेत ना?" बायको शेजारी बसली होती. ती हसली. सहा महिन्यांनी ती हसली होती, म्हणून मलाही राग आला नाही.

खर्चाचा हिशेब केला. उपचार, दोघांची तिकिटं, तीन आठवड्यांचं राहणं, इंजेक्शनांच्या काळातल्या सुट्ट्या. इथल्या आकड्याच्या तिप्पट. आणि व्हिसाच्या अर्जात कारण काय लिहायचं यावर मी दोन दिवस घालवले. "पर्यटन" लिहू म्हणालो. ती म्हणाली, "तिथं पण दाढच सांगशील का?"

ऑपरेशन मुंबईला ठरलं, 2022 च्या जुलैमध्ये. सर्जननं दोन मार्ग ठेवले. बायकोची अंडी काढायची त्याच दिवशी माझं करायचं, म्हणजे ताजे शुक्राणू मिळतील. किंवा आधी माझं करायचं आणि मिळालेच तर गोठवायचे. पहिल्या मार्गात मला काही मिळालं नाही तर तिच्या दहा-बारा दिवसांच्या सुया वाया. तिनं मला बोलूच दिलं नाही. "आधी तुझं बघू. माझ्या पोटात आता उगाच सुया नाही."

साडेतीन तास चाललं. दोन्ही बाजू उघडल्या. काही सापडलं नाही. सर्जन संध्याकाळी स्वतः येऊन सांगून गेले, खुर्ची ओढून बसले, घाई केली नाही. एवढं बरं वाटलं. नंतर पॅथॉलॉजीच्या रिपोर्टमध्येही तेच होतं, नलिका आहेत, शुक्राणू तयार करणाऱ्या पेशी नाहीत.

परतीला विदर्भ एक्स्प्रेस. मला अप्पर बर्थ मिळाला होता. मी टीसीला विनंती केली, लोअर द्या. "तरुण माणूस तुम्ही, लोअर काहून पाहिजे?" आत बर्फाची पिशवी आणि घट्ट आधारपट्टा. काय सांगणार? खालच्या बर्थवरच्या आजींनी न विचारता जागा बदलून दिली. कदाचित मी उभा कसा होतो त्यावरून त्यांना काही तरी कळलं असेल. भुसावळपर्यंत मी भिंतीकडे तोंड करून होतो.

आता उरला शुक्राणुदाता. डॉक्टरांनी सांगितलं, बायकोचं सगळं ठीक आहे, मग आयव्हीएफची, म्हणजे टेस्ट ट्यूब बेबीचीही गरज नाही. दात्याचे गोठवलेले शुक्राणू थेट गर्भाशयात सोडायचे, आययूआय. खर्च कितीतरी कमी. मी मान हलवली आणि तीन महिने त्यावर काही बोललो नाही.

बोलली ती. आम्ही फुटाळा तलावावर गाडीत बसलो होतो. "मुलाला सांगायचं," ती म्हणाली. "आणि अठरा वर्षांनी त्याला विचारावंसं वाटलं तर उत्तर असलं पाहिजे." पुन्हा परदेश आला, पण या वेळी तिच्याकडून आणि खऱ्या कारणानं. मी पुन्हा रात्री जागलो. आपल्याकडे 2021 चा एआरटी कायदा आहे, अशा कृत्रिम गर्भधारणेच्या उपचारांसाठीचा. दाता 21 ते 55 वयाचा, नोंदणीकृत बँकेतून, ओळख गुप्त. भावाचं, मित्राचं घेऊन गेलो तर चालत नाही. एका दात्याचे शुक्राणू बँक एकाच जोडप्याला देऊ शकते. मूल कायद्यानं सर्वस्वी आपलं, दात्याचा त्यावर हक्क नाही. ब्रिटनमध्ये मात्र 1 एप्रिल 2005 पासून नोंद झालेल्या दात्यांची ओळख मूल अठरा वर्षांचं झाल्यावर मागू शकतं. जर्मनीत जुलै 2018 पासून शुक्राणुदात्यांची केंद्रीय नोंदवही आहे आणि त्यातली माहिती 110 वर्षं ठेवतात. डेन्मार्कमध्ये दोन्ही प्रकार, दात्यानं काय निवडलंय त्याप्रमाणे. आणि ज्या प्रागवर मी भाळलो होतो, तिथं दाता गुप्त. स्पेनमध्येही गुप्त. म्हणजे परवडणारं परदेश आणि नागपूर यांत तिच्या प्रश्नापुरता फरक शून्य. हा शब्द मला आता चांगला ओळखीचा झाला होता.

उरला ब्रिटन-जर्मनी-डेन्मार्कचा रस्ता. आययूआय एकदाच करून जमेल असं नसतं, दर महिन्याला विमान कसं पकडणार? शिवाय मी एक गोष्ट बोलून गेलो. "तिकडचा गोरा दाता मिळाला तर लोक विचारतील ना, कोणावर गेलं म्हणून." ती गप्प झाली. मग म्हणाली, "म्हणजे तुला अजून काकांचीच भीती आहे." मी गाडी सुरू केली.

शेवटी धंतोलीच. नोंदणीचा क्रमांक पाहून केंद्र निवडलं. रक्तगट, उंची, वर्ण भरून दिला. संमतीपत्रावर दोघांच्या सह्या लागतात. माझी सही करताना मला वाटलं होतं हात थरथरेल, पण पेन चालत नव्हतं. रिसेप्शनवरून दुसरं मागून आणलं.

पहिल्या दोन वेळा पाळी आली. तिसऱ्यांदा, 2023 च्या सप्टेंबरमध्ये, नाही आली.

आईला मी त्याआधीच सगळं सांगितलं. तिनं पहिलं वाक्य दात्याबद्दल नाही, गालगुंडाबद्दल उच्चारलं. "खालचं तू काहून नाही सांगितलं रे मला?" मी म्हणालो, लाज वाटली. ती उठून स्वयंपाकघरात गेली आणि बऱ्याच वेळानं दोन कप चहा घेऊन आली, साखर विसरून.

मुलगी जून 2024 ची. नऊ महिन्यांची झाल्यावर लशीसाठी बालरोगतज्ज्ञांकडे नेली, तेही धंतोलीतच. त्यांनी सांगितलं, सरकारी यादीत एमआर आहे, गोवर आणि रुबेला. गालगुंडाची हवी असेल तर एमएमआर, पण ती पैसे देऊन. मी वाक्य पूर्ण होऊ दिलं नाही. "तीच द्या." त्यांनी फाइलमधून वर पाहिलं, मुलगीच आहे ना याची खात्री केल्यासारखं. इंजेक्शन दिल्यावर ती जोरात रडली. बाहेर बाकावर तिला खांद्यावर घेऊन अर्धा तास थांबायला सांगितलं होतं. समोरून एक ओळखीचे गृहस्थ आले, म्हणाले, "अरे, तू इथं?" मी म्हणालो, "हो, गालगुंडाची लस."