वेदगंगेकाठची मागे सरकलेली वाट

निपाणी ओलांडली की यमगर्णीजवळ महामार्ग वेदगंगेला भेटतो. ऑगस्ट २०१९ मध्ये आणि पुन्हा जुलै २०२१ मध्ये पाणी इथंच रस्त्यावर चढलं आणि पुणे-बंगळूर वाहतूक थांबली. बातम्यांत महामार्ग दिसला. काठाकाठानं जाणारी पाणंद कुणाला दिसणार? मी तीच पाहायला गेलो होतो.

उसाच्या फडातून खाली उतरलो, तर वाट मध्येच तुटलेली. पुढं दोन पुरुष खोल कडा आणि खाली नदी, आता अगदी शांत. इतकी शांत की राग यावा. भुदरगडातल्या पाटगाव धरणाकडून येणारं हे पाणी पुढं दूधगंगेला मिळतं आणि तिच्याबरोबर कृष्णेत जातं. कृष्णा तुडुंब असली की इकडचा फुगवटा दिवसच्या दिवस हटत नाही.

काठावर भेटलेले आप्पा म्हणाले, “पाणी चडताना काय न्हाई हो. उतरताना घात करतंय.”

खरंच आहे. काळी माती आठवडाभर पाणी पिऊन जड होते. नदी भरलेली असते तोवर तिच्याच पाण्याचा काठाला टेका असतो. पूर झपाट्यानं ओसरला की टेका जातो, मातीतलं पाणी बाहेर रेटा देतं आणि दरड वाटेसकट खाली बसते.

आधी तिथंच भराव घालून वाट केली होती. पुढच्या पुरात तीही गेली. मग गावानं वाटच वीसेक पावलं आत घेतली. लिहायला सोपं आहे, पण ती पावलं कुणाच्या तरी उसातली होती. मळीचं, म्हणजे नदीच्या गाळाचं सुपीक रान सोडणं म्हणजे काय, ते शेतकऱ्यालाच विचारावं. तिघांनी सोडलं, त्यातले एक घरी कन्नड बोलणारे. त्यांना भेटून हात जोडल्याशिवाय माझा पाय निघाला नाही.

नव्या वाटेवर नुसता मुरूम आहे. मधल्या पट्ट्यात करंज, बांबू आणि उतारावर वाळ्याच्या ओळी. वाळ्याची मुळं पसरत नाहीत, सरळ खाली जातात, दोन-तीन मीटरसुद्धा, आणि माती धरून ठेवतात. मी एक ठोंब उपटून पाहायला गेलो, हलला नाही.

संध्याकाळी म्हशी परतल्या. पुढची म्हैस सवयीनं जुन्या वाटेकडं वळली. तिथं बाभळीची फांदी आडवी टाकलेली होती. ती थबकली, फुरफुरली. आप्पांनी “हिकडं गं, हिकडं” म्हणत तिच्या पाठीवर हात ठेवला, आणि सगळा कळप करंजांच्या मागनं गावाकडं चालू लागला.