गाडीतली इटली आणि चुलीवरची

दक्षिण ब्राझीलमधल्या बेंतो गोन्साल्विसला गाडी सुटायच्या आधीच हातात वाइन आली, तेव्हाच मला शंका यायला हवी होती. वाफेच्या इंजिनाची ही पर्यटकांची गाडी गारिबाल्दीमार्गे कार्लोस बार्बोझापर्यंत २३ किलोमीटर जाते आणि तेवढ्याला दीड तास घेते. मधेच डब्यात ॲकॉर्डियन शिरलं आणि तारांतेला नाच सुरू झाला. मलाही हाताला धरून उठवलं. मी कसा नाचलो ते विचारू नका.

सोबतचा सहकारी, इथलाच, इटालियन वंशाचा, तोंड वाकडं करून बसला होता. "हा नाच दक्षिण इटलीचा. आमची माणसं उत्तरेकडची, व्हेनेतोची!" म्हणजे वऱ्हाडाची ओळख म्हणून कोळीनृत्य दाखवण्यातला प्रकार. तिकिटाचे पैसे गेल्याचं दुःख होतंच, त्यात हे.

त्याआधीचे चार दिवस जवळच्या काशियास दो सुल शहरात ऑफिसच्या कामात गेले. त्याबद्दल लिहिण्यासारखं काहीच नाही.

गाडीतून उतरल्यावर सहकारी म्हणाला, चल, आजीकडे जेवू. घरात तिला सगळे नोना म्हणतात. वय ऐंशीच्या पुढे. घराला द्राक्षाचा मांडव, अगदी आपल्या नाशिककडे असतो तसा. फरक एवढाच की तारा पेलायला खांब नाहीत, जिवंत झाडं आहेत. स्वयंपाकघर घरापासून वेगळं. जुनी घरं लाकडाची, चुलीने आग लागायची म्हणून.

या डोंगरांत इटालियन लोक १८७५ पासून आले. तिकडे पोट भरेना आणि इकडे हप्त्यांवर जमीन मिळत होती. बोटीतून उतरून पुढे नदीने, मग पायी डोंगर चढायचा. जमीन मिळाली ती जंगलासकट. नोनाचे पणजोबा त्यांतलेच. वेगवेगळ्या गावच्या बोली इथे एकत्र शिजून तालियान झाली, मुख्यतः व्हेनेतोच्या वळणाची.

मग १९४२ मध्ये ब्राझील इटलीविरुद्ध युद्धात उतरला. चारचौघांत इटालियन बोलायला बंदी आली. नोनाचे वडील बाजारात बैलाशी तालियान बोलले म्हणून एक रात्र कोठडीत होते. "बैलाला पोर्तुगीज येत नव्हतं," ती म्हणाली. हसली नाही.

शाळेत पोरं तिला हसायची, कारण तिला पोर्तुगीजमधला 'र'चा घशातला उच्चार जमायचा नाही. मोटारीला 'काहो' म्हणायचं, ही 'कारो' म्हणायची, आणि 'कारो' म्हणजे महाग. म्हणून स्वतःच्या मुलांशी ती कधी तालियान बोललीच नाही. २०१४ मध्ये सरकारने तालियानला देशाचा सांस्कृतिक वारसा म्हणून मान्यता दिली. नातवाने बातमी वाचून दाखवली, तर म्हणे, "आता?"

नातवाला भाषा कळते, बोलता येत नाही. मला त्याला हसायची सोय नव्हती. माझी आजी घरात चित्पावनी बोलायची आणि मी नेहमी मराठीतच उत्तर द्यायचो.

पोलेंता मात्र नोना अजून कोणाला करू देत नाही. मक्याचं जाडसर पीठ उकळत्या पाण्यात घालून पाऊण तास लाकडी दांड्याने घाटत होती, आपण पिठलं घाटतो तसंच. मी मधे दांडा मागितला, नकार आला. गोळा कढईच्या कडा सोडायला लागल्यावर तिने तो पाटावर पालथा केला. वाफ निघाली, वास थेट आपल्या मक्याच्या भाकरीचा. सुरी नाही. दोन्ही हातांत ताणलेला दोरा गोळ्याखाली सरकवून वर ओढला की तुकडा सुटतो.

एवढ्यावरून खुश झालो आणि दोरा मागून घेतला. माझा तुकडा तिरपा निघाला, वर निम्मा पाटालाच चिकटला. नोनाने माझ्याकडे बघून एक शब्द उच्चारला आणि हसत सुटली.

"काय म्हणाली?"

नातू विचारात पडला. शब्द त्याला ओळखीचा होता, अर्थ सापडेना. आईला फोन लावला. तिलाही आठवेना.

नोनाने तो तिरपा तुकडा माझ्याच ताटात वाढला.