चाकोल्या, पळस आणि गाठी

नागपुरात रंगासाठी पंचमीपर्यंत थांबत नाहीत. होळी पेटली की दुसऱ्या दिवशी धुळवडीलाच पिचकाऱ्या निघतात, त्यामुळे सगळी तयारी फाल्गुन पौर्णिमेच्या आतच उरकावी लागते.

प्रल्हाद-होलिकेची कथा सगळ्यांना पाठ आहे. भविष्योत्तर पुराणातली ढुंढा राक्षसीची मात्र कमी सांगितली जाते. रघुराजाच्या राज्यात ती लहान पोरांना छळायची. शंकराच्या वरामुळे तिला शस्त्राचं भय नव्हतं, भय होतं ते पोरांच्या दंग्याचं. मग लाकडं-गोवऱ्या रचून पेटवल्या आणि पोरांनी भोवती फिरत बोंबा ठोकून तिला पळवलं. होळीत बोंब का मारायची, हे मला तरी या कथेतूनच नीट कळतं.

चाकोल्या म्हणजे मधोमध भोक पाडलेल्या छोट्या गोवऱ्या. हे पोरांचंच काम, पण होळीच्या आठ-दहा दिवस आधी सुरू व्हायला हवं. ताज्या शेणात मूठभर गव्हांडा, म्हणजे गव्हाचा भुसा, मळायचा, तळहाताएवढी, बोटभर जाडीची चकती थापायची आणि ओली असतानाच मधोमध अंगठ्याने भोक पाडायचं. काठाजवळ पाडलं तर सुतळीत ओवताना तुकडा पडतो. दोन दिवसांनी उलटायला विसरलं की खालची बाजू ओली राहते. असा हार होळीत पेटत नाही, नुसता धुपतो.

आता रंग. रामटेककडे या दिवसांत पळस पेटल्यासारखा फुललेला असतो. फुलं तोडू नयेत, सकाळी झाडाखाली पडलेली ताजी वेचावीत. प्रत्येक फुलाच्या बुडाशी काळपट मखमली टोपी असते, ती खुडून टाकायची. ती राहिली की रंग मळकट येतो. वेळखाऊ काम आहे, पण इथे आळस नको. पाव किलो पाकळ्यांना दोन लिटर पाणी घेऊन स्टीलच्या गंजात (पातेल्यात) पंधरा-वीस मिनिटं उकळायचं, रात्रभर झाकून ठेवायचं आणि सकाळी सुती फडक्यातून गाळायचं. लोखंडी कढई नको, लोखंडाने रंग काळवंडतो.

गाळलेलं पाणी पिवळं दिसतं, म्हणून फसला असं समजू नका. त्यात चमचा-दोन चमचे चुन्याची निवळी घाला, बघता बघता केशरी होतं. चुना कालवून वर आलेलं स्वच्छ पाणी तेवढंच घ्यायचं, गाळ नाही. जास्त झालं तर कातडी आणि डोळे चुरचुरतात. काढा दुसऱ्या दिवशी आंबून वास मारतो, तेव्हा धुळवडीच्या आदल्या संध्याकाळीच उकळावा. फुलं आधी मिळाली तर सावलीत पूर्ण वाळवून ठेवावीत. दमट राहिली की बुरशी धरतात. कपडे आधी नुसत्या पाण्यात खंगाळा. साबणातल्या क्षारानेही डाग गडद होतो.

गाठी मात्र इतवारीच्या बाजारातून विकत आणलेल्या बऱ्या. साखरेचा पाक पक्का करून, पांढरा होईपर्यंत घोटून, दोरा घातलेल्या लाकडी साच्यात ओततात. हात जरा रेंगाळला की पाक पातेल्यातच थिजतो. लिंबू पिळलं तर साखर रवाळच होत नाही, माळ चिकट राहते. घेताना एक पदक वाजवून बघा: चांगली गाठी कडक लागते आणि बोटाला चिकटत नाही. होळीला दाखवून पोरांच्या गळ्यात घातली, तरी एक माळ कोरड्या डब्यात वेगळी ठेवा. पंधरा दिवसांनी गुढीला लागते.