चार लिही

फेब्रुवारी 2020, माघातला सोमवार. कोल्हापूरजवळच्या प्रयाग चिखलीतली माझी पाचवी मुलाखत. आजी आदल्या दिवशी जोतिबाचा खेटा घालून, म्हणजे त्याच्या डोंगरावर चालत जाऊन आल्या होत्या, अनवाणी. घमेल्यात कोमट पाणी, पाण्यात मीठ आणि त्यात त्यांचे पाय. "विचार तू पोरी, मी बसलोयच," म्हणाल्या. आमच्याकडच्या बायका स्वतःबद्दल अशाच बोलतात. बाहेरून आलेल्या आमच्या सरांना त्याची अजून गंमत वाटते.

मागच्या ऑगस्टात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा 55 फुटांच्या वर गेली होती. धोक्याची पातळी 43. भिंतीला नवा रंग दिला होता, तरी फळीच्या वर गाळाची रेघ दिसत होती.

संकटात माणूस देवाशी कसा वागतो हे मोजणारी प्रश्नावली माझ्याकडे होती. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ केनेथ पार्गामेंट आणि सहकाऱ्यांची. विधानं 14 : सात आधाराची, सात तक्रारीची, प्रत्येकाला 1 ते 4 गुण. 1998 साली त्यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ओक्लाहोमा सिटीच्या बॉम्बस्फोटाची झळ लागलेले चर्चमधले लोक होते. तक्रारीचा आकडा मोठा असेल तिथे मनाचा त्रासही जास्त सापडतो, असं या विषयात पुन्हा पुन्हा दिसलं आहे.

भाषांतर माझंच. 'सैतानाने हे घडवलं' याचं काय करायचं यात आठवडा गेला, शेवटी 'करणी' लिहिलं. 'चर्चने मला टाकलं'चं 'गावानं टाकलं' केलं. ते साफ फसलं. आधीच्या चारही घरांत त्या प्रश्नाला पंचनाम्याची भांडणंच निघाली होती.

"देवानं मला टाकलं, असं वाटलं का आजी?"

"चार."

"देवाच्या ताकदीबद्दल शंका आली?"

"चार लिही. डोंगरावर बसलाय न्हवं, त्याला कुठलं पाणी लागतंय!"

मग पेन बाजूला ठेवायला लावून त्यांनी देवघरातला टाक दाखवला. बोटभर रुंदीचा, कडेला अजून काळपट. "पूर उतरल्यावर आलो तवा गाळात गावला. धुतला, आणि तोंड भिंतीकडं करून ठेवला. आठ दिवस. फूल न्हाई, पाणी न्हाई. बघ म्हटलं, कसं वाटतंय."

"मग?"

"मग काय. नवव्या दिशी मलाच करमंना."

बेरीज केली. आधाराचे 27, तक्रारीचे 24. तक्रारीच्या रकान्यात 28 पैकी 24, म्हणजे कागदावर ही बाई चांगलीच अडचणीत. समोरची बाई मात्र टाचेला खोबरेल चोळत पुढच्या रविवारी कोण कोण येणार ते सांगत होती. जनाबाईनं विठ्ठलाला घातलेल्या शिव्या आईच्या तोंडून ऐकत मी वाढले. तरी भाषांतर करताना 'टाकलं'मध्ये रुसवाही येतो हे मला सुचू नये, याची लाज वाटली.

चहा घेऊन सून आली. म्हटलं, तुमचीही उत्तरं घेऊ. तक्रारीच्या सातही विधानांना तिनं 1 दिला. "देवाला काय बोल लावायचा, मॅडम?" एकूण 7, याच्या खाली आकडाच नाही. पंधरा मिनिटांत आटोपलं. मी मनातल्या मनात तिला 'बरं आहे' म्हणून बाजूलाही ठेवलं.

केएमटीच्या थांब्यापर्यंत ती सोडायला आली. थांब्यावर कोणी नव्हतं. तिनं एकदा मागं घराकडं बघितलं.

"मॅडम, रात्री पत्र्यावर काही वाजलं की मी उठून बसते. मांजर असलं तरी. पोराचं दप्तर आणि कागदपत्रं उशाशीच असतात. आत्तींना माहीत नाही."

"पावसाळ्यापासून?"

"रोज."

बस आली. मागच्या सीटवर बसून मी तिचा फॉर्म काढला आणि पाठीमागच्या कोऱ्या बाजूवर लिहायला लागले.