तुम्ही विचारलंत म्हणून: खिडक्यांचा रंग टिकतो कसा?

गणपतीत घरी आलेल्या पाहुण्यांपैकी कोणीतरी पडवीत बसल्या बसल्या खिडकीवरून हात फिरवतंच आणि विचारतं, "रंग कुठल्या कंपनीचा?" मी नाव सांगते. बहुतेकदा त्यांच्याकडेही तोच असतो, आणि त्यांच्या खिडक्यांचे पोपडे दुसऱ्याच वर्षी निघालेले असतात. म्हणून एकदा नीट बसून लिहिते आहे.

कंपनीचा संबंध थोडा. रंग टिकतो तो सुक्या लाकडावर. रत्नागिरीत वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि आपण रंगाचा डबा उघडतो तो श्रावणात, जरा उघडीप मिळाली की, कारण गणपती तोंडावर आलेले असतात. तेव्हा सागवानसुद्धा पाणी पिऊन फुगलेलं असतं. त्यावर ऑइल पेंट लावला की ओल आत कोंडते. पुढे ऊन तापलं की ती बाहेर यायला बघते आणि रंगाला ढकलते. मीही पहिल्या वर्षी हेच केलं होतं. दिवाळीत दक्षिणेकडच्या खिडकीवर फोड आले आणि शिमग्याला नखाने सालं निघत होती. आठ दिवसांची मेहनत वाया गेली, फार वाईट वाटलं.

तेव्हापासून आमच्याकडे गणपतीचा रंग चैत्रात होतो. ऑगस्टमध्ये खांदा लावून ढकलावी लागणारी झडप एका बोटाने लागायला लागली की समजायचं, लाकूड सुकलं. (आणि पावसात झडप अडते म्हणून सुताराकडून रंधा मारून घेऊ नका. लाकूड सुकल्यावर तिथेच फट पडते.)

आता मला सगळ्यात कळकळीने सांगायचं ते हे: झडप बिजागरीवरून उतरवा, उलटी करा आणि तिची खालची कड बघा. बहुतेक घरांत ती कोरीच सापडते. झडप जागेवर ठेवून रंगवली की तिथे ब्रश पोचत नाही आणि ती कड कोणाला दिसतही नाही. पण उभ्या पट्ट्यांची कापलेली टोकं तिथेच उघडी असतात. लाकडाच्या नळ्यांची तोंडंच ती, सळईवरून उडणारं आणि चौकटीत साचणारं पाणी तिथून वर चढतं. खिडकी कुजायला सुरुवात होते ती खालच्या कोपऱ्यांतून, याचं कारण हे. तिथे स्क्रू ड्रायव्हरचं टोक दाबून बघा. रुतलं, तर तेवढा तुकडा सुताराकडून बदलून घ्या. कुजक्या लाकडावर लांबी (खाचा बुजवायचा लगदा) भरून काही होत नाही. टणक लागलं, तर टर्पेंटाइन घातलेलं अळशीचं तेल त्या कडेला पाजत राहा. पहिले दोन हात बघता बघता नाहीसे होतात. चौथ्या-पाचव्या हाताला तेल वर चमकत राहिलं की थांबायचं, जास्तीचं पुसून घ्यायचं आणि चांगलं वाळू द्यायचं. मग प्रायमर आणि रंगाचे दोन हात, कडेलासुद्धा.

तेल पुसलेल्या चिंध्या बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. अळशीचं तेल वाळताना तापतं आणि बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. मी त्या बादलीभर पाण्यात बुडवते.

जुना रंग खरवडतानाही सांभाळा. घरगुती रंगात ९० पीपीएमपेक्षा (म्हणजे दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा) जास्त शिसं नको, हा नियम आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या थरांत ते भरपूर असू शकतं. म्हणून कोरडं घासायचं नाही. पाणी शिंपडून ओला पॉलिश पेपर वापरा, तोंडाला चांगला मास्क लावा, खाली कागद पसरा, पोरांना लांब ठेवा. त्यानंतर झडप पुन्हा दोन-तीन दिवस सुकवायची.

तावदानांची पुट्टी तडकली असेल तर ती काढून खाचेला आधी प्रायमर द्या. कोरं लाकूड पुट्टीतलं तेल शोषून घेतं, मग ती वर्षभरात सुटते. रंग काचेवर दोनेक मिलिमीटर चढू द्या, त्याने सांधा बंद होतो. गजांना रेड ऑक्साइड (गंज रोखणारा प्रायमर), बाकी विशेष नाही.

भिंतींचं कोणी विचारलं तर, जांभ्या चिऱ्याच्या जुन्या घराला मी चुनाच देते. चुन्यातून भिंतीची ओल निघून जाते, प्लास्टिक पेंटखाली ती फुगे धरते. पण चुना दर दोन वर्षांनी नव्याने द्यावा लागतो, तेवढी तयारी हवी.

यंदा माजघराच्या दोन झडपा राहिल्या आहेत. पडवीत विटांवर उलट्या ठेवल्या आहेत, आज तिसरा हात पाजला. उद्या परत बघते.