कोलंबियातली मोकळी जागा

आज अमेरिकेतल्या साउथ कॅरोलायना राज्याच्या राजधानीत, कोलंबियाला, विधिमंडळाच्या आवारात बराच वेळ उभी होते. अमेरिकेच्या गृहयुद्धात गुलामगिरीच्या बाजूने लढलेल्या दक्षिणेकडच्या राज्यांच्या, म्हणजे कॉन्फेडरेट, सैनिकांचे स्मारक तिथे आहे; त्याच्या चौथऱ्यावर दगडी सैनिक अजून आहे. शेजारचा कॉन्फेडरेट निशाणाचा खांब मात्र गेला आहे. हे निशाण गृहयुद्धापासूनच तिथे असावे असा माझा समज होता, पण इमारतीच्या घुमटावर ते चढले १९६१ मध्ये, म्हणजे कृष्णवर्णीय नागरिक समान हक्कांसाठी लढत होते त्याच काळात. पूर्वजांची आठवण म्हणून ते जपणाऱ्यांची भावना मला खोटी वाटत नाही; तरीही गुलामगिरी टिकवण्यासाठी लढलेल्या सैन्याचे निशाण घरात जपणे वेगळे आणि सर्वांच्या करांवर चालणाऱ्या वास्तूवर फडकवणे वेगळे, असे मला ठामपणे वाटते. २००० मध्ये ते घुमटावरून या स्मारकापाशी आले. जून २०१५ मध्ये याच राज्यातल्या चार्ल्स्टन शहरातल्या चर्चमध्ये नऊ कृष्णवर्णीयांची हत्या झाली, तेव्हा घुमटावरचे ध्वज अर्ध्यावर आले, पण विधिमंडळाच्या मंजुरीवाचून हात लावता येत नसल्यामुळे हे निशाण पूर्ण उंचीवरच राहिले. ते वाचताना आजही अंगावर काटा येतो. अखेर १० जुलैला ते उतरवले गेले.

माझ्याजवळच एक कृष्णवर्णीय आजी नातवाला खांबाची जागा दाखवत होत्या. तो वर न पाहता खाली जमिनीकडेच बघत राहिला.