मॉन्टगोमेरी कालवा, तुकड्यातुकड्याने: फ्रँक्टन ते वेल्शपूलची नोंद

मंडळी, श्रॉपशरमधला मॉन्टगोमेरी कालवा, म्हणजे फ्रँक्टन जंक्शनपासून क्रिकहीथपर्यंतचा, आता पूर्ण वल्हवून झाला आहे आणि वेल्समधल्या वेल्शपूलच्या बाजूलाही सुरुवात केली आहे. फुगवायची दोन माणसांची कयाक, दोन वल्ही, लाईफजॅकेट आणि वस्तू कोरड्या ठेवणारा बंद डबा एवढंच सामान. या कालव्याला हीच नाव सगळ्यात शोभते असं माझं ठाम मत झालं आहे. का, ते पुढे येईलच.

आधी थोडी पार्श्वभूमी. फ्रँक्टनला लँगॉलेन कालव्यापासून फुटून न्यूटाउनपर्यंत जाणारा हा सुमारे 35 मैलांचा जलमार्ग. त्याचा वेल्समधला पहिला भाग 1797 मध्ये गार्थमिलपर्यंत पोहोचला. दगडी कोळसा आणि लानमनेखच्या खाणीतला चुनखडीचा दगड नावेने काठावरच्या चुनाभट्ट्यांपर्यंत न्यायचा, आणि भाजलेला चुना शेतात टाकायचा, हा त्यामागचा मुख्य हिशोब. 1936 मध्ये फ्रँक्टनच्या खाली पेरी नदीजवळ काठ फुटला. मालकी रेल्वे कंपनीकडे होती, वाहतूक रोडावलेली होती, त्यामुळे ते भगदाड कायमचं बुजवलंच गेलं नाही. 1944 च्या कायद्याने कालवा अधिकृतपणे सोडून दिला. नंतर रस्ते रुंद करताना जुने कमानी पूल पाडून त्या जागी पाण्याला टेकणारे भराव घातले, आणि कालव्याचे तुकडे झाले ते आजतागायत.

फ्रँक्टनला सुरुवातीलाच चार लॉक, म्हणजे पाण्याची पातळी वरखाली करून बोटी चढवणारे-उतरवणारे दारांचे हौद, उतरायची असतात. पहिली दोन एकमेकांना जोडलेली, जिन्याच्या पायऱ्यांसारखी. कयाकने लॉकमध्ये शिरायचं नाही, बाहेर काढून काठाने पुढे न्यायची. उतार गवताळ आहे, दोघे असाल तर काहीच अडचण नाही. खाली डावीकडे वेस्टन शाखेचं तोंड दिसतं. मूळ योजनेत हाच मुख्य मार्ग होता, थेट श्रूजबरीला जाणारा, पण तो वेस्टन ललिंगफील्ड्सच्या पुढे कधी गेलाच नाही. सरळ पुढे निघालात की जिथून 1936 साली पाणी वाहून गेलं तीच जागा लागते. फ्रँक्टनची लॉक 1987 मध्ये पुन्हा सुरू झाली, क्वीन्स हेडपर्यंतचं पाणी 1996 मध्ये जोडलं गेलं. वाटेतलं ग्रॅहम पामर लॉक मूळ कालव्यात नव्हतंच. जमीन खचल्यामुळे पातळी जुळेना, म्हणून ते नव्याने बांधलं आणि कालवे पुन्हा सुरू करणाऱ्या स्वयंसेवकांच्या चळवळीच्या अध्वर्यूचं नाव दिलं. तिथे पाच मिनिटं थांबाच.

ॲस्टनच्या तीन लॉकनंतर मात्र पाण्याचा रंगच बदलतो. तळ दिसतो. पाण्याखाली फितीसारखी लांब पानं, वर तरंगणारी छोटी लंबगोल पानं, आणि उन्हाळ्यात तीन पाकळ्यांची पांढरी फुलं, मध्ये पिवळा ठिपका. ही लुरोनियम नाटन्स. युरोपभर दुर्मीळ झालेली ही पाणवनस्पती इथे मोठ्या संख्येने आहे, आणि जीर्णोद्धाराचा वेग तिच्यामुळेच इतका जपून ठेवलेला आहे. इंजिनच्या बोटी फार झाल्या तर पंखा गाळ ढवळतो, उजेड तळापर्यंत जात नाही आणि ती मरते. पण बोटी पूर्ण थांबल्या आणि साफसफाईही झाली नाही, तर पाणकणीस आणि बोरू दोन्ही काठांनी सरकत येतात आणि तिला उघडं पाणीच उरत नाही. म्हणून फ्रँक्टनच्या लॉकमधून इंजिनच्या बोटींना आगाऊ नोंदणी करूनच सोडतात. ॲस्टनला कालव्याशेजारी खास वनस्पतींसाठी तळ्यांचं राखीव क्षेत्रही केलेलं आहे. काही बोटवाल्यांना हे निर्बंध जाचक वाटतात. मला ते रास्त वाटतात. बोटी थोड्या असल्या तरी चालतील, पण हे पाणी असंच स्वच्छ राहायला हवं.

आपल्यासाठी त्यातली कामाची गोष्ट: कयाकखालची मोठी शेपटी काढून छोटी लावा, नाहीतर दर दहा-पंधरा वल्ह्यांमागे गवत गुंडाळलं जातं. वल्हं उथळ मारा, गाळ ढवळू नका. आणि दुसऱ्या पाण्यात वापरलेली कयाक धुऊन पूर्ण वाळल्याशिवाय इथे आणू नका. परक्या वनस्पतीचा एक तुकडाही या कालव्याला महाग पडेल.

मेसबरी मार्शच्या पुढे 2003 पर्यंत ग्रोनवेनला पाणी आलं होतं. क्रिकहीथपर्यंतचा शेवटचा पट्टा 2023 मध्ये खुला झाला. ही जमीन पीट मातीची, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींची, दबणारी. स्वयंसेवकांनी आधी भराव टाकून ती दबू दिली, मग पाणी न झिरपणारं अस्तर अंथरलं आणि त्यावर काँक्रीटचे ठोकळे रचले. वल्हवताना काठाची सरळ रेषा बघा, ते सगळं हातकाम आहे.

क्रिकहीथनंतर कयाक गुंडाळून गाडीत, आणि लानमनेखपर्यंत पायी. कोरड्या पात्रातून झाडं उगवलेली दिसतात. लानमनेखजवळ थोडं पाणी, चुना भाजायची जुनी हॉफमन भट्टी आणि तिची उंच चिमणी. भट्टी आतून फिरून बघता येते, आणि या कालव्याचा जन्म का झाला ते तिथे नीट उमगतं. पुढे व्हर्नवी नदीवरचा दगडी जलसेतू. त्याला जागोजाग लोखंडी पट्ट्यांनी आवळलेलं आहे.

वेल्शपूल हा वेगळाच तुकडा, दोन्ही बाजूंनी तुटलेला, पण अकरा-बारा मैल सलग. 1969 मध्ये इथे कालव्याच्या पात्रातून बायपास न्यायचा बेत होता. त्या ऑक्टोबरात स्वयंसेवकांनी शहरातला गाळ उपसून दाखवला आणि कालवा वाचला. गोदीवरच्या जुन्या गोदामात आता वाचनालय आणि संग्रहालय आहे. वर टेकडीवर पॉविस किल्ला. आपल्या लोकांना एक सांगायलाच हवं: तिथे रॉबर्ट क्लाइव्हच्या घराण्याने हिंदुस्थानातून आणलेल्या वस्तू मांडल्या आहेत, आणि हाच क्लाइव्ह फेब्रुवारी 1756 मध्ये तुळाजी आंग्र्यांच्या विजयदुर्गावर इंग्रजी फौज घेऊन उतरला होता. ज्यांनी विजयदुर्गाचा बुरूज पाहिलाय त्यांना कालव्यावरून तो किल्ला बघताना वेगळंच काहीतरी वाटेल. मला तरी बराच वेळ पुढे वल्हवत नाही.

दक्षिणेला बेलनची दोन लॉक, काठावरच्या चुनाभट्ट्या आणि पुढे बेरिव गावाजवळचा रिऊ नदीवरचा विटांचा जलसेतू, इतकं सध्या करून झालं. उत्तरेकडचा, पूल क्वे नावाच्या गावापासून बर्गेडिनपर्यंतचा भाग राहिला आहे. कालवा फ्रँक्टनपासून उतरत येतो आणि बर्गेडिनपासून पुन्हा न्यूटाउनकडे चढू लागतो, म्हणून ती जागा मला पाण्यावरून बघायची आहे. वेल्शपूलकडून निघालं तर आधी पूल क्वेकडची चार लॉक आणि शेवटी बर्गेडिनची दोन लागतात. तिथे कयाक उतरवायला काठ कसा आहे, धक्का उंच आहे की गवताळ, हे अलीकडे कोणी पाहिलं असेल तर जरूर कळवा. उन्हाळा संपायच्या आत, फुलं असतानाच जायचा बेत आहे.